गोव्यात घर घेताय? गाव नंतर निवडा, मालक आधी शोधा

चवथ झाली की माझ्याकडे पत्रांचा ओघ सुरू होतो. त्या दिवसांत गाव हिरवंगार असतं, घरोघरी गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधलेली असते, आरत्या ऐकू येत असतात आणि मुंबई-पुण्याहून चार दिवसांसाठी आलेल्या माणसाला वाटतं, निवृत्त झालो की इथंच येऊन राहावं. वाटू द्या. पण पत्रांत चौकशी असते ती हवा कशी, समुद्र किती लांब, मासे ताजे मिळतात का याची. जो माणूस घर विकतोय तो त्या घराचा मालक आहे का, हे विचारणारं पत्र क्वचितच येतं. वकिली करते म्हणून मला तेवढंच दिसतं असं कोणी म्हणेल. म्हणू दे. नावं गाळून प्रश्न थोडक्यात देते आहे.

प्रश्न (ठाणे): आम्ही दोघं पुढल्या वर्षी निवृत्त होतोय. राहायला उत्तर गोवा बरा की दक्षिण?

हा पर्यटकाचा प्रश्न झाला. राहणाऱ्यानं डॉक्टर, औषधांचं दुकान, बाजार आणि बसथांबा किती लांब ते पाहायचं. फोंडा मध्यावर आहे, देवळं जवळ, नाटक-कीर्तनाला तोटा नाही. पेडण्याला मोपा विमानतळ जवळ, मडगावला रेल्वे. यांतलं तुम्हाला काय लागणार ते तुम्हीच ठरवा. मात्र विकत घेण्याआधी जून ते सप्टेंबर त्याच गावात भाड्यानं राहा. इथं वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. दारं फुगून लागत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, वीज नेमकी रात्री जाते. डिसेंबरात पाहिलेलं घर जुलैत एकदा पाहून घ्या. भाडेकरार लेखी करा आणि पोलिसांकडची भाडेकरू पडताळणी मालकाकडून करवून घ्या.

प्रश्न (पुणे): तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्तात मिळतोय. लिफ्ट नाही, पण आम्ही बासष्टीचे असून रोज टेकडी चढतो.

नको.

प्रश्न (कोल्हापूर): एक-चौदाच्या उताऱ्यावर विक्रेत्याचं नाव आहे. दलाल म्हणतो, गोव्यात एवढं पुरतं.

पुरत नाही. एक-चौदा ही महाराष्ट्रातल्या सातबारासारखी महसुली नोंद आहे. तिच्यावरून मालकीचं गृहीतक धरता येतं, मालकी सिद्ध होत नाही. घरपट्टीच्या पावतीनंही होत नाही, विजेच्या बिलानं तर मुळीच नाही. विक्रेत्याला ही मालमत्ता कुठल्या दस्तानं मिळाली, तो दस्त मागा आणि वकिलाला दाखवा. दलालाला नव्हे. तुम्ही सही केलीत की त्याची दलाली पक्की होते, मग तो तुम्हाला थांबायला कशाला सांगेल?

प्रश्न (नाशिक): बार्देशात राजांगण असलेलं जुनं घर पाहिलं आणि आवडलं. मालक वारले आहेत, मोठा मुलगा विकतोय. एक भाऊ मुंबईला, बहीण लिस्बनला. सगळ्यांनी स्टँपपेपरवर ना-हरकत दिली आहे असं तो सांगतो. आगाऊ पाच लाख द्यावेत का?

एक रुपयाही देऊ नका. हे पत्र दर महिन्याला येतं, कधी बार्देशातून, कधी तिसवाडीतून, कधी सासष्टीतून. घर बदलतं, बाकी मजकूर तोच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

महाराष्ट्रात वारसाहक्काचा हिशेब जसा होतो तसा गोव्यात होत नाही. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा इथं १८७० मध्ये लागू झाला आणि त्याचा गाभा आजही टिकून आहे. वारसा आणि वाटणीची कार्यपद्धती आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आहे, तो २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला. या व्यवस्थेत लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता समाईक धरली जाते, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. म्हणजे ते मालक वारले तेव्हा अर्धं घर आधीपासूनच त्यांच्या पत्नीचं होतं. उरलेलं अर्धं तिन्ही मुलांचं. आणि मुलांची लग्नं याच व्यवस्थेखाली झाली असतील तर वारसानं आलेला वाटाही त्यांच्या जोडीदारांशी समाईक होतो, म्हणून सुना-जावयांच्या सह्या लागतात. तुमच्या पत्रात आईचा उल्लेखच नाही. त्या हयात आहेत का? नसतील तर त्यांच्या अर्ध्याचं काय झालं? जावई कुठे आहे? मोठ्या मुलानं या प्रश्नांची उत्तरं न अडखळता दिली तर पुढचं बोलू.

वाटणी होईपर्यंत कुठलाही वारस ‘ही माझी खोली’ म्हणून विकू शकत नाही. तो फार तर आपला अविभाजित हिस्सा विकू शकतो आणि तो बाहेरच्याला विकायचा झाला तर आधी घेण्याचा हक्क इतर हिस्सेदारांचा. वारस कोण हे विशेष नोटरीपुढच्या ‘डीड ऑफ सक्सेशन’नं ठरतं, कोणाच्या वाट्याला काय आलं ते न्यायालयातल्या इन्व्हेंटरीनं. साध्या स्टँपपेपरवरच्या ना-हरकतीनं यांतलं काहीच होत नाही. ‘घरातलंच प्रकरण आहे, नंतर मिटवू’ असं म्हणणारे भाऊ एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहिलेले मी पाहिले आहेत. त्यांच्यामध्ये घराचे पैसे मोजून बसलेलं साठीपुढचं जोडपंही असतं.

लिस्बनच्या बहिणीचं कुलमुखत्यारपत्र दाखवतील. ते तिथल्या नोटरीपुढे रीतसर झालेलं आहे का, त्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशी दस्त खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का, आहे का, भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचं मुद्रांकन झालं का, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट दिलेला आहे का आणि ते लिहून देणारी व्यक्ती आज हयात आहे का, हे सगळं तपासावं लागतं. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. शिवाय बहीण अनिवासी असेल तर तिच्या वाट्यावरची करकपात वेगळी. ५० लाख आणि त्यावरच्या घराला १ टक्का टीडीएस कापतात तो निवासी विक्रेत्याचा. अनिवासीचा दर बराच जास्त असतो आणि कापला नाहीत तर आयकर खातं तुमच्या मागे लागतं, तिच्या नाही. सनदी लेखापालाला आधी भेटा.

आता घराभोवतालच्या जागेचं. परवाच एक जोडपं अशाच घराचा एक-चौदा घेऊन आलं होतं. भोगवटादाराच्या रकान्यात आजोबांचं नाव. कुळाचा रकाना कोरा, त्यामुळे दोघं निर्धास्त. इतर हक्कांच्या रकान्यात मात्र बारीक अक्षरांत एका वेगळ्याच माणसाच्या घराची नोंद. सर्व्हेच्या नकाशावर परसाच्या कडेला एक छोटा चौकोन होता, प्रत्यक्षात तिथं माडांच्या आड कौलारू घर, दोरीवर कपडे वाळत घातलेले. दलालानं त्यांना सांगितलं होतं की तिथं ‘राखणदार’ राहतो. राखणदार कसला? तो मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत त्याच्या संमतीनं घर करून राहणारा. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं त्याला सहजासहजी बाहेर काढता येत नाही आणि राहतं घर, त्याभोवतीच्या ठरावीक जागेसह, विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. ते त्याच्या हक्काचंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दलालाच्या लबाडीबद्दल आहे. तशीच काळजी शेताची. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीनं कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं, तेव्हा उताऱ्यावर भाटकाराचं नाव दिसलं म्हणून भागत नाही.

आणि हे सगळं म्हणजे वकिलाचं अति झालं असं वाटत असेल तर आठवा, २०२२ मध्ये सरकारला जमीन हडप करण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं, पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्य आयोगही. मालक परदेशी किंवा दिवंगत, घर बंद, आणि जुन्या काळातले वाटावेत असे बनावट दस्त, अशी त्यांतली बरीच प्रकरणं होती. तुमच्या घरात यांतलं काही असेलच असं नाही. पण त्या घराच्या वर्णनाशी हे किती जुळतं पाहा.

तेव्हा करा काय? ज्या तालुक्यातलं घर आहे तिथला, विक्रेत्यानं न सुचवलेला वकील गाठा. जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये असतात, त्या वाचणारा माणूस त्यानं बरोबर घेतला पाहिजे. मूळ दस्त, इन्व्हेंटरीचे कागद, सर्व्हे नकाशा, मुंडकार आणि कुळांच्या नोंदी, बोजाचा शोध इतकं झालं की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. याला काही महिने लागतील. ‘दुसरा गिऱ्हाईक उभा आहे’ असा फोन त्या काळात हमखास येतो. येऊ द्या.

प्रश्न (डोंबिवली): फोंड्याकडच्या आमच्या मूळ घरात वडिलांचा हिस्सा आहे. घर देवळाजवळ, देवस्थानच्या जागेत. काका म्हणतात, या, मागच्या दोन खोल्या दुरुस्त करून राहा. सात-आठ लाख खर्च येईल.

काकांचं मन मोठं आहे. काकांनंतर चुलतभावांचं कसं असेल ते तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. जमीन देवस्थानची असेल तर तुमच्या घराण्याचा त्या घरावरचा हक्क मुंडकाराचा आहे की आणखी कसला, आणि मामलेदाराकडे नोंद कोणाच्या नावे आहे, हे आधी पाहा. पुष्कळदा ती जो गावात राहिला त्या एकट्याच्याच नावे असते. त्यात लबाडी असतेच असं नाही. नोंदणीच्या वेळी बाकीचे मुंबईला होते, एवढंच. दुरुस्तीला पंचायतीची आणि जमीनमालकाची परवानगी लागेल का तेही विचारा. सगळ्या हिस्सेदारांचा लेखी करार होईपर्यंत सात लाख घालू नका. तोवर चतुर्थी-जत्रेला या, देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) किंवा काकांकडे उतरा आणि याच गोष्टी काकांशी बोला. करार स्थानिक वकिलाकडूनच करून घ्या, इंटरनेटवरच्या नमुन्यावर नको.

प्रश्न (मुंबई): ज्येष्ठांसाठीच्या एका प्रकल्पाची जाहिरात पाहिली. रुग्णालयाशी टायअप, चोवीस तास परिचारिका, जेवण आणि आपण राहत नसू तेव्हा भाड्याची हमी. या महिन्यात नोंदणी केली तर फर्निचर मोफत.

जाहिरातीतलं ज्येष्ठ जोडपं नेहमी पन्नाशीचं का असतं, हे मला न सुटलेलं कोडं आहे. असो.

५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला रेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तो क्रमांक माहितीपत्रकावर छापलेला आहे म्हणून विश्वास ठेवू नका, गोवा रेराच्या संकेतस्थळावर जाऊन मंजूर आराखडा आणि जमिनीचे कागद उघडून पाहा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. मागितली तर त्या माणसाशी पुढचा व्यवहार करू नका. निवृत्तांच्या घरांसाठी केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयानं २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती वाचा आणि त्यांतलं तुमच्या करारात किती उतरलंय ते ताडून पाहा, कारण वाद झाला की न्यायालय करार वाचणार, माहितीपत्रक बाजूलाच राहणार.

टायअप म्हणजे काय? तुमच्यासाठी खाट राखून ठेवणार की फक्त रुग्णवाहिकेला फोन लावणार? १०८ ला फोन तुम्हीही लावू शकता. परिचारिका रात्री किती जणांमागे एक? सेवा चालवणारी कंपनी बिल्डरहून वेगळी असते, ती दोन वर्षांत निघून गेली तर स्वयंपाकघर कोण चालवणार? देखभालशुल्क दरवर्षी किती वाढू शकतं, त्याला वरची मर्यादा आहे का? तुम्हाला मिळणार काय, जमिनीच्या अविभाजित हिश्श्यासह विक्रीखत की हयातीपुरता राहण्याचा परवाना? परवाना असेल तर अनामत परत कधी आणि किती? आणि दोघांतलं एक गेल्यावर मागे राहिलेल्याला तिथंच, त्याच अटींवर राहता येईल का? विक्रीच्या बैठकीत हा शेवटचा प्रश्न काढलात की समोरचा चहा मागवतो. भाड्याची हमी तर सोडूनच द्या. तुम्ही राहायला घर घेताय, मग तुमच्या गैरहजेरीचं भाडं हा त्या जाहिरातीचा मुख्य मुद्दा कसा? फर्निचर विकत मिळतं. मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय नोंदणी नको.

प्रश्न (सातारा): बागायती झोनमधला प्लॉट अर्ध्या किमतीत आहे. एजंट म्हणतो, सहा महिन्यांत सेटलमेंटचा, म्हणजे घर बांधता येईल असा, करून देतो, वरपर्यंत ओळख आहे.

ओळखीवर घर बांधता येत नाही. झोन बदलण्याच्या नगरनियोजन कायद्यातल्या १७(२) आणि ३९अ या कलमांवर उच्च न्यायालयात वाद झालेले आहेत. आज बदललेला झोन उद्या टिकेल याची हमी तो एजंट लेखी देणार आहे का? आणि भातशेतीची जमीन दाखवत असेल तर तिथून चालू लागा. २०२३ च्या कायद्यानं ती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध आहेत. झोनिंगचा दाखला आणि रूपांतराची सनद हातात पडल्याशिवाय वकिलाच्या फीचा खर्चही करू नका.

प्रश्न (सांगली): गोव्यात राहायला आलो की गोमेकॉत उपचार मोफत होतील ना?

लगेच नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०१८ पासून बिगर-गोमंतकीयांना शुल्क आहे. राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेला राज्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तुमच्यातलं कोणी सत्तरी ओलांडलेलं असेल तर केंद्राच्या आयुष्मान योजनेतून वर्षाला ५ लाखांचं संरक्षण उत्पन्नाची अट न घालता मिळतं, ते कार्ड सांगलीतच काढून या. सध्याचा आरोग्यविमा मोडू नका. गोव्यातली कोणती रुग्णालयं त्यात येतात ते विमा कंपनीकडून लेखी घ्या.

प्रश्न (म्हापसा): मुलगा म्हणतो, घर आताच माझ्या नावावर करा, म्हणजे पुढे त्रास नको. बक्षीसपत्र करावं का?

त्रास कोणाला नको, ते त्याला विचारून पाहा. मुलगा भला असेल, पण सून, कर्ज, घटस्फोट, अपघात यांचा भरवसा कोण देणार? बक्षीसपत्र करायचंच असेल तर तुमची देखभाल करण्याची अट त्यात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ती अट मोडल्यास न्यायाधिकरण हस्तांतरण रद्द करू शकतं. अट लिहिलेली नसली की काय होतं ते कज्जे लढवणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा. दुसरी मुलं असतील तर गोव्याच्या कायद्यात त्यांचा राखीव वाटा आहे आणि एका मुलाला घर विकायचं झालं तरी इतरांची संमती लागते. माझं मत विचाराल तर मृत्युपत्र करा, घर स्वतःच्या नावावर ठेवा. सही करण्याआधी वकिलाकडे एकटे जा, मुलाला बरोबर नेऊ नका.

प्रश्न (बेळगाव): व्हॉट्सॲपवर आलंय की गोव्यात घर घेतलं की आपल्यालाही पोर्तुगीज कायदा लागतो आणि बायकोला आपोआप अर्धं मिळतं. खरं का?

नुसतं घर घेतल्यानं नाही. गोव्याच्या अधिवासींना तो कायदा लागू होतो आणि त्यांची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी तिचा वारसा त्याच कायद्यानं ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलं आहे. तुमचा अधिवास कुठला धरला जाईल हा वेगळा प्रश्न, तो तुमचे कागद पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये. खरेदीखतात दोघांची नावं घाला. पण दोघांची नावं आहेत म्हणून मागे राहिलेल्याला सगळं घर मिळतं असंही नाही, जाणाऱ्याचा हिस्सा वारसांत वाटला जातो. मृत्युपत्राला पर्याय नाही. ते कुठल्या कायद्याखाली आणि कुठे करायचं ते विचारून करा, आणि त्या व्हॉट्सॲप गटाला नव्हे.

प्रश्न (वास्को): दोन वर्षांपूर्वी फ्लॅटसाठी साध्या स्टँपपेपरवर करार केला, बहुतेक पैसे दिले. बिल्डर म्हणतो, भोगवटा प्रमाणपत्र आलं की विक्रीखत करू. माणूस ओळखीचा आहे, तगादा लावून संबंध बिघडवावेत का?

विक्रीखत करून मिळावं म्हणून दावा लावायला मुदत तीन वर्षांची. करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून. तुमच्या करारात कोणती तारीख आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही, म्हणजे बहुधा पाहिलेलंही नाही. आज पाहा. करार, पैशांच्या पावत्या आणि बँकेची विवरणं घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा, रेराकडे तक्रार करता येईल का तेही तिथंच विचारा. झेरॉक्स नको, मूळ प्रती न्या. बिल्डरला भेटायचं असेल तर जरूर भेटा, पण विक्रीखत कधी करणार त्याची तारीख घातलेलं, सहीचं पत्र मागा. टाळाटाळ केली तर कोणत्या दिवशी, काय बोलून टाळलं ते घरी आल्याबरोबर लिहून ठेवा.